कंपनीचा टेप आणि माझं तोंड

मी चिंचवडमधल्या एका स्वयंपाकघराच्या भिंतीवरची टाइल बोलतेय. पांढरी, कोपऱ्यात निळं फूल. शेगडीच्या मागेच असते, त्यामुळे माणसं मला फार जवळून दिसतात. माझं त्यांच्याविषयी मत फारसं चांगलं नाही.

भट्टीत भाजून निघाले, खोक्यात दाटीवाटीनं दुकानात आले आणि तिथे कस्तुराबाईंनी मला उचललं. महाळुंग्याच्या भाड्याच्या खोलीत काजळलेल्या भिंतीसमोर वर्षानुवर्षं भाकरी थापलेली बाई. "हीच पाहिजे," म्हणाल्या. दुकानदारानं सांगितलं, हा शेवटचा माल, पुन्हा मिळायचा नाही. नव्या घरात त्यांनी स्वतःच्या मनानं घेतलेली तेवढी एकच वस्तू. ओटा आवरला की मला ओल्या फडक्यानं पुसायच्या.

मग त्यांच्या यजमानांनी अक्कल पाजळली. भीमराज चाकणला गाड्यांच्या कंपनीत आहेत. तयार गाडीवर केसाएवढाही ओरखडा राहू नये, हे बघणं त्यांचं काम. मसाल्याची मांडणी लावायची, तर भिंतीला भोक नको म्हणून त्यांनी कंपनीतला दोन्हीकडून चिकटणारा टेप आणला. "ह्यानं गाडीवर नाव चिकटवतात," छाती फुगवून म्हणाले. "गाडी भंगारात जाईल, पण नाव पडणार नाही!"

मांडणी महिन्याभरात पडली. तिखट-हळदीचा सडा झाला. टेप मधोमध फाटला आणि त्याचा अर्धा भाग माझ्या तोंडावर राहिला. दोन काळ्या पट्ट्या, त्यांवर तेल, धूळ, झुरळाची एक तंगडी.

"मांडणी पडली, टेप नाही पडला," गृहस्थ मिशीला पीळ देत म्हणाले. घ्या!

पुढे दोन वर्षं कस्तुराबाई टोकत राहिल्या, तेव्हा कुठे एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, हे उठले. आधी सुरी. मग तारेची घासणी. मग संडासात टाकतात ते ॲसिड. माझ्या कडेचं सिमेंट उकरलं गेलं, चकाकी गेली, पट्ट्या तशाच.

"फोडूनच टाकू," घाम पुसत ते म्हणाले. "मिस्त्रीला बोलावतो. सगळी भिंत नवी करू."

कस्तुराबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"अहो, कंपनीत हा टेप गाडीवर वाकडा लागला, तर काय करता?"

"काय करणार? गरम हवा मारायची. मऊ झाला की प्लास्टिकच्या पट्टीनं हळूच उचलायचा. सुरी लावली तर साहेब घरी बसवेल."

"मग?"

म्हणजे या माणसाला सगळं येत होतं! रोज करत होता! फक्त घरातल्या वस्तूसाठी करावं, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. इतकी कीव मला कुणाची आली नाही.

भीमराजांनी उठून लेकीचा, मिनलचा, केस वाळवायचा ड्रायर आणला. पट्ट्या मऊ पडून सोलून निघाल्या. उरलेला चिकटा खोबरेल तेलानं गेला. ओरखडे मात्र राहिले. सवयीनं त्यांवर बोट फिरवत ते पुटपुटले, "हा पीस रिजेक्ट."

"पीसनं काय केलंय?" कस्तुराबाई म्हणाल्या. "रिजेक्ट करायचा तर ऑपरेटर करा."

आता मी अशीच, ओरखड्यांसकट, शेगडीमागे आहे. तुमच्याही ओट्यामागे माझ्यासारखी एखादी असेलच. तिच्यावर सुरी उगारण्याआधी एवढंच मनात आणा, की ही साहेबाची गाडी आहे. घरची आहे हे आठवून तुम्ही नीट वागाल, अशी आशा मी केव्हाच सोडली आहे.