ओलेटासाठी दुसरी बंदूक

लॉनी केंपरच्या दुकानात बंदूक घ्यायला आलेला माणूस आधी वाऱ्याचं बोलतो, मग गव्हाचं, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं, आणि मग कुठे काचेच्या कपाटाकडे वळतो. ओक्लाहोमाच्या आमच्या टोकाला हीच रीत. व्हर्लिन स्ट्राउडने त्या दिवशी यातलं काहीएक केलं नाही. दार ढकलून आत आला आणि म्हणाला, "लॉनी, घरच्या रक्षणासाठी अजून एक हवी आहे."

"अजून एक?" लॉनी हसला. "लेका, तुझ्या घरापर्यंत चोर पोचला तर तोच आधी पाणी मागेल. एक पुरेना होय?"

"दाखवतोस की जाऊ?"

"दाखवतो बाबा. चिडतोस कशाला!"

दोघे एका शाळेतले, एका चर्चमधले. एकमेकांची खेचल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. पण आज व्हर्लिनचं लक्ष सगळं खिडकीबाहेर. बाहेर त्याचा पिकअप उभा होता, इंजिन चालू, हीटर चालू, आणि आत त्याची बायको ओलेटा बसली होती. निळा कोट, तोंडात पेपरमिंटची गोळी, मांडीवर पर्स. लॉनीने हात हलवला. तिनेही हलवला, अगदी गोड.

"बरी दिसतेय की रे!"

"दिसते," व्हर्लिन म्हणाला.

त्या पर्समध्ये रुमालाखाली भरलेली रिव्हॉल्वर आहे, हे त्याने सांगितलं नाही.

लॉनीने एकेक वस्तू काढून फेल्टच्या कापडावर मांडायला सुरुवात केली. ही हलकी, ही अंधारात उजेड पाडते, हिच्यात गोळ्या भरपूर, हिला म्हाताऱ्या बोटांचा जोर पुरतो. व्हर्लिन एकीलाही हात लावेना. शेवटी म्हणाला, "जुनी अडतीस कॅलिबरची दे. चार इंची नळी. लाकडी मूठ. रंग उडालेली असली तर उत्तमच."

"अरे, पण तश्शीच तर ओलेटाकडे आहे! माझ्याच बापाने विकली तुला. जोडी लावतोस का बैलांची?"

"आहे का तशी?"

होती. कुणाच्या तरी वारसांनी आणून टाकलेली, मागच्या कपाटात पडून होती. लॉनीने ती आणली. व्हर्लिनने चक्र उघडलं, रिकामं असल्याची खात्री केली, नळी बघितली, मूठ हातात धरून डोळे मिटले. मग घोडा मागे ओढून त्याच्या टोकावर बोट ठेवलं. गोळीच्या बुडावर आदळतं ते टोक.

"हे घासून काढायचं," तो म्हणाला. "बाकी सगळं चालू पाहिजे. चक्र फिरलं पाहिजे, चाप ओढला की आवाज झाला पाहिजे. फक्त गोळी सुटता कामा नये."

लॉनीचं हसू गेलं. त्याने खिडकीकडे पाहिलं, मग व्हर्लिनकडे.

"घरच्या रक्षणासाठी म्हणालास ना?"

"हो."

"व्हर्लिन, तुझ्याकडे येतं कोण?"

"मी येतो, लॉनी. मीच येतो."

आणि मग त्या कोरड्या माणसाने सगळं सांगून टाकलं. संध्याकाळ झाली की ओलेटाच्या डोक्यातलं घर बदलतं. व्हर्लिन तरुण होतो आणि दूर कुठल्यातरी तेलविहिरीवर कामाला जातो, आणि घरात एक अनोळखी म्हातारा फिरायला लागतो. परवा व्हर्लिन कोठीच्या खोलीतून पीचची बरणी घेऊन बाहेर आला, तर ही समोर. पाठ भिंतीला, दोन्ही हात मुठीवर, तोंड बंद. फोन वाजला म्हणून वाचला. डार्लाचा फोन होता, मुलीचा, टल्सावरून.

"मग काढून घे ना ती बंदूक!"

"काढून घेतली की झोपत नाही. किंचाळते. एकदा नाइटगाउनवर हायवेपर्यंत गेली, अनवाणी. उशाखाली ती असली की लेकरासारखी झोपते."

"मग बिनदारूच्या, पोकळ गोळ्या भर."

"भरल्या. तिचा बाप स्वयंपाकघराच्या टेबलावर काडतुसं भरायचा हे विसरलास? लहानपणी शनिवार-शनिवार तिने बंदुकीची दारू तोलली आहे. माझं नाव विसरते ती, पण गोळी तळहातावर घेतली की मेलेली की जिवंत, ते सांगते. 'ही मढी कुणी भरली?' म्हणून मला विचारलं तिने. त्याही रात्री हायवेवर गेली."

"डार्लाला सांग."

"डार्ला पहिल्याच दिवशी तिला वृद्धाश्रमात, कुलपाच्या दाराआड नेऊन ठेवेल. मी ओलेटाला शब्द दिलाय, लॉनी. ती शुद्धीत असताना दिलाय. 'मला तिथे टाकू नकोस' एवढंच मागितलं होतं बिचारीने." व्हर्लिनचा आवाज फाटला. "मला दुसरं काही सुचत नाही रे. तुला सुचत असेल तर तू सांग."

लॉनीला काय सुचणार! बंदुका विकण्यात त्याचा जन्म गेला. बंदूक मारून विकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याने फोनवरून विक्रीची सरकारी मंजुरी घेतली, रिव्हॉल्वर मागच्या बाकावर नेली, आणि कानस चालवली. परत आणून ठेवली तेव्हा व्हर्लिनने खिशातून मूठभर पेकान काढले. हे अक्रोडासारखे कवचाचे दाणे ओलेटा आयुष्यभर बंदुकीच्या मुठीनेच फोडत आली. तिच्या मुठीच्या बुडाला त्याचा खळगा पडला होता आणि तिचा अंगठा दिवसभर त्या खळग्यात असायचा. मग काय, नव्या मुठीला तसाच खळगा पाडायला दोन म्हातारे काउंटरवर ओणवे होऊन बंदुकीच्या मुठीने पेकान फोडत बसले. कुणी आलं असतं तर वेड्यात काढलं असतं. लॉनी मध्येच एक दाणा तोंडात टाकून म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर कधीच हात टेकले असते." व्हर्लिन तो खळगा अंगठ्याने चाचपत होता.

जाताना लॉनी हळूच म्हणाला, "आणि खरोखरीच कुणी आलं तर?"

"इतक्या वर्षांत कुणी आलं नाही."

"ते ठीक आहे रे. पण आलं तर?"

व्हर्लिन बाहेर पडला. पिकअपमध्ये ओलेटाने त्याला पेपरमिंटची गोळी दिली आणि विचारलं, "लॉनीचा गुडघा कसा आहे?" अशी होती ती! सकाळी लॉनीचा गुडघाही आठवायचा, आणि संध्याकाळी नवरा नाही.

अदलाबदल न्हाणीघरात केली. ओलेटा टबात बसायची तेव्हा बंदूक बाजूच्या स्टुलावर, टॉवेलवर, तिच्या नजरेसमोर लागायची. केसांवर पाणी ओतताना मात्र ती डोळे घट्ट मिटायची, साबण जाईल म्हणून. त्या एका तांब्याभर पाण्यात व्हर्लिनने एक उचलली आणि दुसरी ठेवली. गोळ्या खऱ्याच भरल्या होत्या, तिच्याच डब्यातल्या. एवढं साधं काम, पण तांब्या एकाच हातात, त्यामुळे निम्मं पाणी तिच्या खांद्यावरून खाली गेलं.

"सांडतोस किती!" ती म्हणाली.

अंग पुसून झाल्यावर तिने बंदूक उचलली. चक्र उघडलं. एकेक गोळी तळहातावर घेऊन पाहिली, परत घातली. अंगठा खळग्यात फिरवला. व्हर्लिन टॉवेलची घडी घालत होता, आणि आपण या बाईच्या घरातले चोर आहोत असं त्याला वाटत होतं.

"हं," ओलेटा म्हणाली, आणि केस विंचरायला बसली.

खरी रिव्हॉल्वर त्याने पिकअपच्या अवजारांच्या पेटीत कुलूप लावून टाकली. त्या रात्री तो गाढ झोपला. पुढचे काही दिवसही बरे गेले. त्याने मक्याची भाकरी केली, घेवडा शिजवला. तिने मिटक्या मारत खाल्लं. डार्लाचा फोन आला तेव्हा तो चक्क विनोद करत होता. डार्ला म्हणाली, "डॅडी, तू बरा वाटतोस आज!" आणि तो म्हणाला, "बराच आहे मी, मला काय धाड भरलीय!"

माणसाला जरा सुख लागलं की तो सैल पडतो.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता, जाळीचं दार आपटत होतं. व्हर्लिन कोठीतून पीचची बरणी घेऊन बाहेर आला. ओलेटा फ्रिजला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात मुठीवर, कोपर सरळ. तोंडातून शब्द नाही.

हे सगळं त्यानेच शिकवलेलं. लग्न नवं होतं, तो पंधरा-पंधरा दिवस तेलविहिरीवर असायचा आणि ही पोर एकटी या माळावर. गोठ्यामागे कॉफीचे डबे मांडून त्याने तिला शिकवलं होतं. पाठ भिंतीला लाव. बोलू नकोस, विचारू नकोस. दोनदा ओढ. आणि मी आलो की फाटकापाशी दोनदा हॉर्न देईन आणि ओसरीवरून हाक मारीन, म्हणजे तो मी. हॉर्न न देता जो घरात दिसेल तो मी नाही.

आता माणूस आपल्याच न्हाणीघरातून, आपल्याच कोठीतून बाहेर येताना हॉर्न कुठून देणार?

"ओलेटा," तो म्हणाला. "मी आहे गं."

तिने चाप ओढला. खट्. परत ओढला. खट्.

दोनदा, त्याने शिकवलं होतं तस्संच. व्हर्लिन उभा होता. अंगाला काही झालं नव्हतं, पण आतून कुणीतरी सगळं काढून नेल्यासारखं वाटलं त्याला. तिने खरंच ओढला. जरा हिसका नाही, जरा शंका नाही.

मग त्याने तिचा चेहरा पाहिला, आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं.

ओलेटा हातातल्या बंदुकीकडे बघत होती. जन्मभर तिला सांभाळणारी ती वस्तू नेमकी आज गप्प बसली होती, आणि तो माणूस तर समोर उभा. फ्रिजला घासत ती खाली बसली आणि हात जोडून रडायला लागली.

"मला हात लावू नकोस. काय हवं ते ने. डब्यात पैसे आहेत, पिकअप ने. माझा नवरा येईल आत्ता, तो चांगला नेमबाज आहे, तो यायच्या आत तू जा."

"अगं, मीच व्हर्लिन!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही. "ओलेटा, बघ ना माझ्याकडे. मीच."

"खोटं बोलू नकोस! माझा नवरा मला कळत नाही होय?"

तो एक पाऊल पुढे आला तर ती अशी किंचाळली की त्याच्या हातून बरणी पडली. पीचचा पाक तिच्या पायांपर्यंत आला. ती पाय पोटाशी घेत भिंतीत शिरायला बघत होती. आता आणखी काय करणार? तो मागे सरला, हात वर करून, पाठीने दार ढकलत बाहेर पडला.

थंडीत ओसरीवर तो क्षणभर थांबला. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. मग धावतच पिकअपकडे गेला, गाडी फाटकाबाहेर काढली, वळवली, आणि दोनदा हॉर्न दिला. हळूहळू आत आला. ओसरीवर बूट आपटले आणि तरुणपणी मारायचा तशी हाक मारली.

"ओलेटा! मी आलो गं!"

दार उघडलं आणि ती त्याच्या गळ्यात पडली. थरथर कापत होती.

"व्हर्लिन, घरात माणूस होता! आत्ता होता, इथे, तू उभा आहेस ना, तिथेच!"

"गेला ना? गेला तो. मी आलोय."

"मी तू सांगितलंस तसंच केलं. पाठ लावली. बोलले नाही. दोनदा ओढला. दोनदा, व्हर्लिन!"

"बरोबर केलंस. अगदी बरोबर."

"उडलीच नाही! इतका जवळ होता, नेम कसा चुकेल? बिघडली ही. मला दुसरी आणून दे. उद्याच्या उद्या. उडणारी आण."

"आणतो."

"शब्द दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वृद्धाश्रमात न टाकण्याचा एक शब्द त्याने आधीच दिलेला होता, आणि त्या शब्दाने दोघांना कुठे आणून सोडलं ते फरशीवर सांडलेलं होतं. "दिला," तो म्हणाला.

पण ती काही केल्या बसेना. खिडकीकडे जाई, परत दाराकडे जाई, नखं खाई. उजेड संपत आला होता आणि आता ही हायवेकडे जाणार हे त्याला दिसत होतं. शेवटी तो पिकअपपाशी गेला, पेटीचं कुलूप काढलं आणि खरी रिव्हॉल्वर घेऊन आला. "ही माझी," तो म्हणाला. "ही उडते."

ओलेटाने चक्र उघडलं. गोळ्या एकेक करून तळहातावर तोलल्या. मान हलवली. आपल्या हाताने परत भरल्या आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

"तू बस दारासमोर."

त्याने खुर्ची ओढली आणि दाराकडे तोंड करून बसला. बंदूक तिच्या बाजूला नको म्हणून दुसऱ्या मांडीवर धरली. ती शेजारी दुसऱ्या खुर्चीवर बसली, त्याच्या दंडावर डोकं टेकलं. तिच्या केसांना साबणाचा वास होता. हळूहळू तिचा थरकाप कमी झाला, श्वास लांब व्हायला लागला.

"तो परत आला तर?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"मी आहे ना."

"सोडणार नाहीस त्याला?"

"नाही सोडणार."

"आणि ऐक," ओलेटा झोपेत जाता जाता म्हणाली, "तो रडून दाखवतो. तुझं नाव सांगतो. त्याच्या रडण्यावर जाऊ नकोस."

"नाही जाणार," व्हर्लिन म्हणाला.