क्लिफर्डचं एक मत

माझा मेव्हणा क्लिफर्ड ऑर्मरॉड देवमाणूस आहे, असं सगळं गाव म्हणतं. गावाचं काय जातंय म्हणायला! देवमाणसाबरोबर एकदा निवडणूक लढवून बघा, मग कळेल.

शुक्रवारी सकाळपासून आम्ही ब्रॅकनशॉच्या क्रीडा संकुलात मतमोजणीला उभे होतो. मी त्याची प्रतिनिधी, छातीवर पांढरा बिल्ला. बॅडमिंटनच्या रेघांवर लांबलचक टेबलं मांडली होती आणि टेबलांमागे बसलेल्या बायका मतपत्रिकांचे गठ्ठे बांधत होत्या. आपण हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. मला नुसतं बघणं जमत नाही. मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होते. जाताना विरोधी उमेदवार डोरीनचा गठ्ठा आमच्यापेक्षा बोटभर उंच दिसायचा, येताना आमचा. पेपरमिंटची अख्खी पुडी मी तासाभरात संपवली.

"ग्लेनिस, जरा बस की," क्लिफर्ड म्हणाला. "चहा आणू का?"

"चहा नको. मतं आण."

तो हसला. त्याला हसू येऊ शकतं याचाच मला संताप येत होता. माझी थोरली बहीण ऑड्रे, म्हणजे त्याची बायको, गेली काही वर्षं एकेक गोष्ट विसरत चालली आहे. आधी चष्मा, मग गल्ली, मग आम्ही. क्लिफर्डला ती हल्ली "पोस्टमन" म्हणते. एकच गोष्ट तिच्या लक्षात राहते, ती म्हणजे मिल स्ट्रीटच्या केंद्राची गाडी. म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं ते केंद्र. तिथे ती रुमालांच्या घड्या घालते, पियानोपाशी उभी राहून गाते, पोटभर जेवते. ज्या दिवशी गाडी येत नाही त्या दिवशीही ती सकाळीच कोट घालून दारात उभी राहते.

ते केंद्र बंद करायचा ठराव बरोच्या, म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या, सभेपुढे येणार होता. पैसे वाचवायचे म्हणे. पैसे वाचवायचे झाले की यांना म्हातारी माणसंच दिसतात. सभेत दोन्ही बाजू समसमान होत्या, सगळं आमच्या वॉर्डाच्या एका जागेवर अडलं होतं. क्लिफर्ड आला तर केंद्र वाचणार. डोरीन शॅकल्टन आली तर कुलूप, आणि ऑड्रेची रवानगी समुद्राकाठच्या कुठल्याशा संस्थेत, दोन बस बदलून जायचं तिथे. म्हणून तर आयुष्यात कधी भांडण न केलेला हा माणूस सत्तरी उलटल्यावर निवडणुकीला उभा राहिला.

डोरीन काही परकी नाही. ऑड्रेबरोबर शाळेत एका बाकावर बसलेली, आणि आमच्याच बोल्स क्लबात. हिरवळीवर गोळे घरंगळवायचे, मग सँडविच खात एकमेकांची उणीदुणी काढायची, असा आमचा क्लब. पण डोरीन पक्षाची पक्की. पक्षानं ऊठ म्हटलं की उठायचं, बस म्हटलं की बसायचं, असं करत तिनं नगरसेविकेची वीस वर्षं काढली होती.

दुपारी महमूदसाहेबांनी उमेदवारांना बोलावलं. हे आमचे निवडणूक अधिकारी, फार शांत माणूस. म्हणाले, "दोघांची मतं सारखी आहेत. पुन्हा मोजू या."

पुन्हा मोजलं. मी एकेका पत्रिकेकडे इतकी टक लावून बघत होते की मोजणारी बाई म्हणाली, "मावशी, तुमचा श्वास लागतोय कागदांना." पुन्हा तेच. सारखी मतं.

"आता चिठ्ठी काढावी लागेल," महमूदसाहेब म्हणाले आणि काहीतरी पोकळ वस्तू शोधायला गेले.

तेवढ्यात क्लिफर्डनं माझी बाही ओढली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ग्लेनिस, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"तू असं म्हणालास की मी आधीच रागावते. बोल."

"मी काल मत डोरीनला दिलं."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण क्लिफर्डला चेष्टा येत नाही.

"आपल्याच नावापुढे फुली मारायची, बरं दिसतं का ते?" तो पुटपुटला. "आपल्याच पोळीवर तूप ओढल्यासारखं. क्लबात आपण असंच करतो ना? दोघं उभे राहिले की एकमेकांना मत द्यायचं."

"क्लबात आपण चहाच्या किटलीची किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरवतो, गाढवा! इथे ऑड्रे आहे, ऑड्रे!" आजूबाजूच्या माना वळल्या. वळू देत. "तू स्वतःला दिलं असतंस तर तिचं एक कमी, तुझं एक जास्त. आत्ता घरी असतो आपण. आणि कुणाशी सभ्यपणा करतोयस? मागच्या साली चिटणीसपदाला याच डोरीननं सगळ्यांदेखत स्वतःसाठी हात वर केला होता. विसरलास?"

"ती तिची गोष्ट," तो म्हणाला. "आपण आपली रीत सोडायची नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं. आणि मारलं असतं तर तो "सॉरी" म्हणाला असता, हेही मला ठाऊक होतं.

महमूदसाहेब बॅडमिंटनच्या फुलांचं रिकामं नळकांडं घेऊन आले. दोन नावांच्या दोन चिठ्ठ्या सारख्या घडी करून आत टाकल्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत वाढवून द्यायचं, असा कायदा. त्यांनी नळकांडं हलवलं. मी डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटलेले सहन होईनात.

"डोरीन शॅकल्टन."

तिच्या लोकांनी आरोळी ठोकली. क्लिफर्ड पुढे होऊन तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "अभिनंदन, डोरीन." मनापासून म्हणाला, हे आणखी वाईट. ऑड्रे तेव्हा केंद्रात गात बसली असेल, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

निकाल मंचावरून वाचायला थोडा वेळ होता. डोरीन बाहेरच्या बोळात चॉकलेटच्या यंत्रासमोर एकटीच उभी होती. यंत्रात नाणंही टाकत नव्हती. मी सरळ तिच्यापाशी गेले.

"मिरव," मी म्हटलं. "पण कुणाच्या मतावर बसणार आहेस ते ऐकून घे. क्लिफर्डनं तुला मत दिलंय. रीत म्हणून. त्या शहाण्यानं स्वतःला दिलं असतं तर तू आज घरी बसली असतीस."

मला वाटलं, ती नाक उडवेल. ती यंत्राच्या काचेकडेच बघत राहिली.

"मग फिटलं," ती हळूच म्हणाली. "मीही त्यालाच दिलं."

"तू?"

"क्लबाची रीत आहे ना."

"डोरीन शॅकल्टन, मला शेंड्या लावू नकोस! तू कधी पाळलीस गं रीत? चिटणीसपदाला स्वतःसाठी हात वर केलास तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसले होते. खरं सांग, का दिलंस?"

तिनं पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा पहिल्या.

"परवा ऑड्रे भेटली," ती म्हणाली. "तुमच्या दारातच, कोट घालून उभी. मला ओळखलं नाही तिनं. एका बाकावर बसलो गं आम्ही, माझी गणितं ती करायची. म्हणाली, 'बाई, माझी गाडी आत्ता येईल हं. तुम्हाला जागा हवी असेल तर सरकून बसू आपण.' काल मतदानाच्या त्या आडोशाला पेन्सिल हातात घेतली आणि तेच आठवलं. वाटलं, मी हरले तर बरं होईल. मला काही ठरवावंच लागणार नाही."

"आता ठरवावं लागेल."

"पक्षाचा आदेश आहे, ग्लेनिस. तुला नाही कळायचं. मला काढून टाकतील."

"आणि काल आडोशाला कुणाचा आदेश होता?" माझा आवाज चिरकला. "कुणी बघत नव्हतं तेव्हा बरोबर वागलीस ना? मग आता सगळ्यांदेखत वाग. हात वर करायला तुला कधी लाज वाटली नव्हती. या वेळी खाली ठेवायला वाटतेय का?"

आतून तिला हाक आली आणि ती गेली.

मी क्लिफर्डशेजारी येऊन बसले, उठले, पुन्हा बसले. महमूदसाहेबांनी आकडे वाचले. डोरीननं पर्समधून कागद काढला आणि आभार मानायला लागली. पोलिसांचे आभार, मोजणाऱ्यांचे आभार, पक्षाचे आभार. खाली तिच्या पक्षाचा पुढारी हाताची घडी घालून मान डोलवत होता. कागद अर्धा झाला आणि ती अडली. वाचता येईना म्हणून नव्हे. तिनं कागद दुमडला.

"आज आम्ही दोघंही जिंकलो नाही," ती म्हणाली. "चिठ्ठी निघाली, एवढंच. म्हणून आत्ताच सांगते. मिल स्ट्रीटचं केंद्र बंद करायला माझा हात वर होणार नाही. कुणाला काय करायचं ते करा."

तिचा हात नाही म्हणजे ठराव बारगळलाच. पुढाऱ्याची मान डोलायची थांबली. आणि अख्ख्या सभागृहात एकच माणूस टाळ्या वाजवत होता, उभा राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन. हरलेला उमेदवार. मग मोजणाऱ्या बायकांनी वाजवल्या, मग बाकीच्यांनी.

क्लिफर्ड खाली बसला. बाहीनं चष्मा पुसला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बघ, तू उगाच ओरडलीस. मी योग्य माणसालाच मत दिलं होतं."

मी त्याच्या पायावर करकचून पाय दिला. आणि मग त्याच्याकडेच रुमाल मागितला.