करवतीची सवत

मित्रांनो, मी एक जुनी साखळी करवत आहे. दुकानात मला चेनसॉ म्हणतात आणि रस्त्यावरची मुले 'झाडे कापायचे मशीन' म्हणतात. पुढे लांब पाते, पात्याच्या कडेने धावणारी दातेरी साखळी आणि पोटात पेट्रोलचे इंजिन, असा माझा अवतार आहे. माझे अंग धातूचे आहे. हल्लीच्यांसारखे प्लॅस्टिकचे नाही.

हे 'हल्लीच्यांसारखे' माझ्या तोंडून निघालेच! माझ्या शेजारी फळीवर ती बसलेली असते. तिच्याबद्दल बोलायचे नाही असे मी ठरवले होते. पण तिला वगळले तर माझी गोष्टच पुरी होत नाही.

कारखान्यातून मी एका लाकूडतोड्याच्या घरी आले. माणूस अबोल होता, पण कामाला वाघ. सकाळी तो मला खांद्यावर टाकून निघायचा आणि दिवसभर आम्ही दोघे मिळून वाळलेली, वाऱ्याने कललेली, विजेच्या तारांवर झुकलेली झाडे उतरवायचो. त्या भागात त्याच्याइतका भरवशाचा माणूस नव्हता आणि माझ्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता. लोक लांबूनच म्हणायचे, "आली बघ, गरजत आली." मला ते फार आवडायचे.

काही वर्षांनी त्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. थंडीत ती पांढरीफटक पडायची. डॉक्टर म्हणाले, मशीनच्या थरथरण्याने असे होते, आता हे काम सोडा. मला राग आला. मी थरथरत नाही, मी जोर लावते, एवढेच! पण त्याने मला विकायला काढले.

मला बघायला आला तो घड्याळ दुरुस्त करणारा. हडकुळा, चष्मेवाला, बोटे बाईच्या बोटांसारखी नाजूक. या माणसाने आयुष्यात केसाएवढे स्क्रू फिरवले आणि मन मात्र बसले आमच्यासारख्या धटिंगणांवर! पेन्शनीत निघालेला माणूस बागेत रमतो तसा हा करवतींत रमायचा. कुठल्या मशीनचे वजन किती, पाते किती लांब, दोरीच्या किती झटक्यांत पेटते, तेल कोण जास्त पिते, हे सगळे त्याला तोंडपाठ असायचे. त्याच्याबरोबर त्याचा मित्र बेकरीवाला होता. भट्टीला लाकूड लागते म्हणून त्याच्याकडेही एक करवत होती, आणि तिचे गुणगान गाण्यात तो कधी थकत नसे.

दोघांनी मला उलटीसुलटी करून पाहिले. लग्नाची मुलगी बघायला आल्यासारखा त्यांचा थाट होता.

"जड आहे रे," बेकरीवाला म्हणाला.

"जड आहे म्हणूनच जाड खोडात शिरेल. तुझी हलकी आहे, पण आडव्या फांदीला भेटली की नाचते."

"माझ्या करवतीला नावं ठेवायची नाहीत हां!"

"नावं कुठं ठेवतोय? तुलना करतोय."

तुलनेत मी जिंकले. घड्याळवाल्याने मला छातीशी धरून घरी नेले.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या सुखाचे होते. घड्याळवाल्याने मला चक्क घड्याळांच्या टेबलावर घेतले. मऊ कापड अंथरले, डोळ्याला भिंग लावले आणि माझा एकेक दाता गोल कानशीने घासला. हवेची जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने धुतली. पाते एकाच बाजूने झिजू नये म्हणून तो ते अधूनमधून उलटे करून बसवायचा. साखळी चिमटीत धरून किंचित उचलून बघायचा. ती ना सैल हवी, ना ताठ.

त्याची बायको दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवरून आली की दारातच नाक मुरडायची.

"अहो, घरात पेट्रोलचा वास येतोय. गिऱ्हाइकांची घड्याळं कुठं गेली?"

"आहेत ना, खिडकीत ठेवलीत. हिचे दाते बघ गं. सगळे एका उंचीचे केलेत."

"माझ्या दाढेकडे बघायला तुम्हाला महिनाभर वेळ नाही, आणि हिचे दाते बघा म्हणे!"

ती हसत असे, पण मला त्या बोलण्याने गुदगुल्या व्हायच्या. घरात माझा मान होता, तो असा.

सुट्टीच्या दिवशी आम्ही बेकरीसाठी वाळकी झाडे कापायला जायचो. बेकरीवाल्याची करवत पेटली की बारीक भुसा उडायचा आणि माझ्यातून मोठे कपचे निघायचे. घड्याळवाला त्याला चिडवायचा, "दाते बोथट झालेत तुझे. हे पीठ तुझ्या बेकरीत चालतं, इथं नाही." बेकरीवाला आपली करवत बंद करून दाते चाचपायचा. मी मात्र आणखी जोरात गरजायचे.

आणि मग ती आली.

पिवळीधमक होती. अंगावर ओरखडा नाही. एका झटक्यात पेटणारी. आवाज असा, की पुढच्या खोलीत नर्सबाईंना झोप लागावी. हँडलखाली स्प्रिंगा बसवलेल्या, म्हणे हाताला थरथर कळत नाही. घड्याळवाल्याने तिच्यासाठी किती दुकाने पालथी घातली, किती मशीन हातात धरून पाहिली, ते मी ऐकतच होते. पण मला वाटायचे, हा नुसता बघण्याचा नाद आहे. घरात आणील असे वाटले नव्हते. आणली! माझ्या नाकावर टिच्चून आणली!

बेकरीवाला ती बघायला आला. तिच्या पुढच्या हँडलसमोर एक वाकडा दांडा होता. त्यावर बोट ठेवून त्याने विचारले, "हा कान कशाला?"

"ब्रेक आहे. मशीन उसळलं की हात या दांड्यावर आपटतो आणि चेन जागच्या जागी थांबते."

"आपल्या जुनीला कुठं आहे? अडलंय का तिचं काही?"

"नाही अडलं," घड्याळवाला म्हणाला.

मला बरे वाटले. मी मनात म्हटले, ज्याला स्वतःवर भरवसा नाही त्यालाच ब्रेक लागतो. नाचता येईना, अंगण वाकडे!

पण बरे वाटणे तेवढ्यापुरतेच. दुसऱ्या दिवशी टेबलावरचे मऊ कापड तिच्याखाली गेले. माझी गोल कानस तिच्या दात्यांना लागली. मला खालच्या फळीवर, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी सरकवले. एकदा तिचा स्पार्क प्लग खराब झाला, तेव्हा घड्याळवाल्याने सरळ माझा काढून तिला लावला. हो, माझा! माझ्या पोटातली ठिणगी घेऊन ती कामाला गेली आणि मी तोंड उघडे टाकून पडून राहिले. मित्रांनो, त्या दिवशी माझा नुसता जळफळाट झाला. हिची साखळी तुटो, हिच्या टाकीत पाणी जावो, असे मी रोज म्हणत होते.

नवा प्लग आला आणि जुना माझ्याकडे परतला, पण माझ्या टाकीतले पेट्रोल कुणी काढले नाही. ते तसेच शिळे होऊन चिकट झाले. हवेच्या जाळीत कोळ्याने घर केले. साखळीवर तांबूस गंज धरला. घड्याळवाला खोलीत यायचा, तिला उचलायचा आणि जायचा. एकदा मात्र तो माझ्यासमोर थांबला. मी आनंदले. त्याने माझ्यामागे पडलेले नाणे उचलले आणि दार लावून घेतले.

एके दिवशी वादळी वाऱ्याने बेकरीमागचे जुने झाड मुळासकट उलथले आणि भट्टीच्या दारावर आडवे पडले. बेकरी बंद. बेकरीवाल्याची करवत बिघडलेली. तो धावत घड्याळवाल्याकडे आला.

"लेका, तुझी जुनी दे मला. तू नवी घे. दोन्ही बाजूंनी कापू."

मी इतक्या दिवसांनी उजेडात आले. घड्याळवाल्याने शिळे पेट्रोल ओतून टाकले, ऑइल मिसळलेले नवे भरले, जाळी साफ केली आणि घाईघाईने दातेही घासले. बेकरीवाला दोरी ओढून ओढून घामाघूम झाला, मी खोकत राहिले. पलीकडे ती एका झटक्यात पेटली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मग एकदाची ठिणगी पडली आणि मी अशी गरजले, की रस्त्यावरची माणसे मागे सरली.

बेकरीवाल्याने मला बुंध्याला लावले. जाड खोड म्हणजे माझेच काम! मी आत शिरत गेले आणि कपचे त्याच्या पायांवर पडत गेले. ती पलीकडे नुसत्या फांद्या छाटत होती. 'छाट बाई, छाट,' मी म्हटले, 'पानेच गोळा कर.' तिच्या हातून काहीतरी चूक व्हावी, तिचे हसे व्हावे, असे मला मनापासून वाटत होते.

आणि चूक झाली. घड्याळवाला एक फांदी कापत होता. तिच्यामागे पानांत दुसरी फांदी दडलेली होती, ती त्याला दिसली नाही. पात्याचे टोक तिला लागले आणि पिवळी करवत त्याच्या हातातून उसळली, सरळ त्याच्या मानेकडे. मला ते डोळ्यांसमोर दिसले. त्याचा हात त्या वाकड्या दांड्यावर आपटला. 'खट्' असा आवाज झाला. साखळी थांबली. थांबलेले पाते त्याच्या खांद्यावर आदळले आणि तो खाली बसला.

बेकरीवाल्याने मला बंद केले आणि जमिनीवर टाकून तो धावला.

"कुठं लागलं? अरे बोल ना!"

"काही नाही... काही नाही रे." घड्याळवाल्याचे ओठ पांढरे पडले होते. शर्टाची कॉलर फाटली होती. मानेवर रक्ताचा थेंब नव्हता.

घरी नर्सबाईंनी त्याचा खांदा पाहिला. काळानिळा पडला होता, हाड शाबूत होते. मग त्यांनी फाटकी कॉलर हातात घेतली आणि ती मानेच्या कोणत्या जागी येते ते बोटाने पाहिले.

"कुठल्या मशीननं झालं?"

"नव्या."

"थांबली म्हणून वाचलात. आणि ही असती तर?" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

दारात उभ्या असलेल्या बेकरीवाल्याने मान खाली घातली. मला धरून तो तासभर माझ्यावर वाकून उभा होता, हे त्याला तेव्हाच आठवले असावे.

"वहिनी, हिला पण तसा दांडा बसवून घेऊ," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, दोघांनी खरेच प्रयत्न केला. घड्याळवाल्याने जुन्या मशीनचे सामान विकणाऱ्यांना फोन केले, मला पुन्हा टेबलावर घेऊन खोलले, मापे घेतली. मी श्वास रोखून पडले होते. ज्या दांड्याला मी हसले, तोच मला मिळावा म्हणून मी आतुर झाले होते. आयुष्यात इतके मी काही मागितले नव्हते, धारसुद्धा नाही.

शेवटी त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"नाही बसत. हिच्या पोटात ब्रेकला जागाच ठेवलेली नाही."

"काहीतरी जोडजाड करून बघ ना," बेकरीवाला म्हणाला.

"घड्याळात जोडजाड केली तर वेळ चुकते. इथं चुकलं तर गळा जातो." तो माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ बसला. मग बायकोला म्हणाला, "चालू नाही करणार मी हिला. पण भंगारातही नाही देणार."

नर्सबाई म्हणाल्या, "भंगारात द्या असं मी कुठं म्हटलं? आणि उद्या कुणी मागायला आलं तरी देऊ नका."

त्याने माझी टाकी शेवटची कोरडी केली. पोटात दोन थेंब तेल सोडले, दोरी हलकेच ओढून ते आत फिरवले, गंज पुसला आणि साखळी उतरवून कापडात गुंडाळून ठेवली. तसे काम त्याने माझ्या लाडाच्या दिवसांतही केले नव्हते.

आता त्याचा नाद साऱ्यांना ठाऊक आहे. करवत विकत घ्यायची असली की माणसे आधी त्याच्याकडे येतात. तो मला टेबलावर ठेवतो, पिवळीला माझ्याशेजारी ठेवतो आणि म्हणतो, "वजन, ताकद, आवाज, सगळं नंतर. आधी इथं बघा. हिच्याकडे हे आहे आणि हिच्याकडे इथं काहीच नाही." माणसे वाकून माझ्या हँडलसमोरची मोकळी हवा बघतात. मग उठून तिच्यासारखी आणायला जातात. माझ्यासारखी कुणालाच नको असते. हे बघण्यासाठीही काळीज लागते, मित्रांनो.

तुम्ही मोठे झालात की तुमच्याही हाती काही ना काही यंत्र येईल. वापर झाला की त्याची टाकी रिकामी करा, जाळी धुवा, दात्यांना धार ठेवा. कोपऱ्यात पडलेल्याकडे अधूनमधून बघा, कारण गंज बोलावून येत नाही. पण माझ्यासारखी जुनी करवत सापडली आणि तिच्या रुबाबाला भुललात, तर तिला पुसा, तेल द्या, मान द्या आणि जागच्या जागी राहू द्या. हातात घेऊ नका. तिने कितीही गळ घातली तरी नाही.

पिवळीने त्याला वाचवले हे मी विसरलेले नाही. ती नसती तर आज हे घर असे नसते, हेही मला कळते. म्हणून ती बाहेर निघाली की मी आता तिचे वाईट चिंतत नाही. सांभाळून जा, म्हणते. मग संध्याकाळी ती परत येते. तिच्या दात्यांत ओला भुसा अडकलेला असतो, अंग अजून कोमट असते, ताज्या कापलेल्या लाकडाचा वास खोलीभर पसरतो. घड्याळवाला तिला माझ्याशेजारी टेकवतो आणि दिवा घालवून जातो.

तेव्हा मात्र मित्रांनो, मी जळते.