कणगीच्या तळची डबी

नव्या लातूर जिल्ह्यात परवान्यांची तपासणी निघाली, तेव्हा ग्यानोबानं रानडुकरं हाकायची ठासणीची बंदूक उरल्यासुरल्या दारूसकट मुकाट जमा केली. बार उडवायच्या, दाण्याएवढ्या तांब्याच्या टोप्या तेवढ्या विसरल्या. टोपीवर घाव बसला की ठिणगी उडते, म्हणून तो त्या चुलीपासून, दारूपासून लांब, पत्र्याच्या डबीत घालून ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायचा. एवढी कोरडी जागा घरात दुसरी नव्हती. त्याचा त्याला भारी तोरा होता.

कणगी कधी रिकामी होईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. दुष्काळानं तळ दाखवला. त्याच्या बायकोनं, सरजाबाईनं, आत वाकून शेवटचे दाणे खरडले. आतल्या अंधारात तिच्या नकळत गंजलेली डबी फुटली आणि कळकट टोप्या दाण्यांत मिसळल्या. ओंजळभर ज्वारीत निवडायचं तरी काय? तिनं ती तशीच जात्यात ओतली. जात्यातच बार उडाला.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सरजाबाईनं चाचपत त्याचा हात धरला.

"पीठ भरून ठिवलं न्हवं? लेकरांना भाकरी व्हईल."

"हाव," ग्यानोबा म्हणाला.

रक्तानं भिजलेलं ते पीठ त्यानं सकाळीच परसात पुरलं होतं.