माझ्या डोक्यावरचा मिरच्यांचा पत्रा

मित्रांनो, मी संगणकाचा एक जुना डबा आहे. दुकानात मला कॅबिनेट म्हणत, घरात मात्र डबाच. लोक कौतुक करतात पडद्याचे; सगळी अक्कल पोटात सांभाळणारा मात्र मी. माझ्या डोक्यावर एक काळपट पत्रा ठोकलेला दिसेल. त्याला हसू नका. असा मुकुट अख्ख्या लेस्कोवाच गावात दुसऱ्या कोणाकडे नाही.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो एकाच साच्यातून निघाले. मला उग्लेशाने आपल्या बायकोसाठी, यास्नासाठी आणले. ती राजधानीतल्या एका कचेरीसाठी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. सुरुवातीला माझी शाबासकी व्हायची. मग नकाशे मोठे झाले आणि माझ्या पोटात आग पडू लागली. उष्णता बाहेर पडायला माझ्या टाळूवर भोकच नव्हते. ऐन कामात मी बंद पडायचो आणि यास्नाची मेहनत पाण्यात जायची. शेवटी कचेरीने बजावले, पुन्हा उशीर झाला तर इथे येऊन बसा. म्हणजे यास्ना बेलग्रेडला जाणार, मागोमाग उग्लेशा, आणि घरात उरणार त्याचे म्हातारे आईवडील. त्याची आई, स्तामेनाआजी, भांडी जोरात आदळू लागली.

"वरून भोक पाडू, पंखा बसवू. त्यात काय एवढं?" रादिसावआजोबा म्हणाले.

पण दिवस आयवारचे, म्हणजे वर्षभराची मिरचीची चटणी करायचे होते. अंगणात लाल मिरच्यांची पोती येऊन पडली होती. त्या चुलीवरच्या पत्र्यावर भाजायच्या, सोलायच्या, दळायच्या आणि तेलात आटवून बरण्या भरायच्या. दळायच्या यंत्राचा दांडा फिरवायला घरचे ड्रिल जोडलेले. आयवारच्या दिवसांत ड्रिल आजीचे, हे त्या घरातले मांजरही जाणते.

"अहो, माझ्या मिरच्या थांबतील का तुमच्या डब्यासाठी?"

"सून थांबेल का, ते बघ आधी."

आजीने ड्रिल सोडवले, पदराला पुसावे तसे एप्रनला पुसले आणि त्यांच्या हातात दिले.

यास्नाने माझ्या पोटातले सगळे काढून घरात खाटेवर मांडले, कारण पत्र्याचा कीस आत राहिला तर खेळ खलास. आजोबांनी मापासाठी हाताला लागले ते उचलले, पातेल्याचे झाकण. ते माझ्या डोक्यावर ठेवून त्यांनी पेन्सिल फिरवली.

"बाबा, पंखा ठेवून बघा ना एकदा," यास्ना म्हणाली.

"पोरी, माझ्या डोळ्यातच फूटपट्टी आहे."

आधी ड्रिलने भोक पाडले, मग त्यात विजेच्या करवतीचे पाते घालून गोल फिरवले. मी दात घट्ट आवळून उभा राहिलो. काम झाले. आजोबांनी ऐटीत पंखा ठेवला आणि तो भोकातून सरळ माझ्या तळाशी गेला.

"फूटपट्टी बदलून घ्या," आजी म्हणाली.

कोणी हसले नाही. यास्ना मिरच्यांच्या पोत्यावर बसली. "राहू द्या, बाबा. मी कळवते त्यांना, येते म्हणून."

आजी चुलीकडे गेली. तिने मिरच्या बाजूला सारल्या, फडक्याने पत्रा ओढून काढला आणि आजोबांपुढे टाकला. तो तिच्या आईचा पत्रा. शेजारणीला तिने तो कधी तासाभरासाठीही दिला नव्हता.

"हा निवला की कापा."

"अगं, आणि मिरच्या?"

"शेजारणीच्या चुलीवर भाजीन. मागायला तोंड आहे मला."

या वेळी आजोबांनी खुद्द पंखाच पत्र्यावर ठेवून रेघ मारली आणि रेघेच्या आत, थोडे लहानच भोक कापले. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, तो तुकडा माझ्या डोक्यावरच्या मोठ्या भोकावर रिव्हेटांनी ठोकला आणि त्यावर पंखा बसवला. संध्याकाळी यास्नाने मला चालू केले. नकाशा पुरा होईपर्यंत मी हूं की चूं केले नाही.

त्याला आता बरीच वर्षे झाली. मी अजून भक्कम आहे. काम जड असले की माझ्या डोक्यातून भाजक्या मिरच्यांचा वास येतो. मित्रांनो, तुमच्या घरच्या डब्याच्या पंख्यावर धूळ बसली असेल तर ती पुसा. तापला म्हणून त्याला भंगारात काढू नका. आधी त्याला श्वास घेता येतो का ते बघा.

आजी दर हंगामात नव्या पत्र्याला नावे ठेवते. "चव येत नाही मेल्याला," म्हणते. पण सकाळी उठली की आधी माझ्यापाशी येते, पंख्यावर तळहात धरते. ऊब लागली की "चालतंय" असे पुटपुटते, आणि चार कप कॉफी ठेवते.