मेधाच्या नावचा वाघ

मी चिनी मातीचा एक जुना वाघ आहे. जुना म्हणजे फार तर चार-पाच वर्षांचा. पण आमच्या जमातीत एका सणानंतर जो शिल्लक राहतो त्याला म्हाताराच धरतात. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणी माझ्याकडे बघून हसलं, तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. हा मला उचलून घेणार की पाडणार, एवढंच मी बघत बसतो. आता कोणी म्हणेल, एवढा संशय बरा नव्हे. पण माझा जन्म कसा झाला ते ऐका आणि मग बोला.

मी ज्या कारखान्यात घडलो, तिथे माझा साचा मांजराचा होता. बसलेलं, शेपटी अंगाभोवती गुंडाळलेलं, गुबगुबीत मांजर. पण वाघाचं वर्ष तोंडावर आलं, दुकानदार वाघ मागू लागले, आणि वाघाचा साचा काही तयार नव्हता. मग आम्हा मांजरांना रंगाऱ्यांच्या बाकावर नेलं. पिवळा हात दिला, काळे पट्टे ओढले, कपाळावर 'राजा' असं चिनी अक्षर काढलं. भट्टीत मांजर म्हणून गेलो असतो, तो वाघ म्हणून बाहेर आलो. तेव्हापासून कशावरही चिकटवलेल्या नावावर माझा विश्वास नाही.

तिथून मी सिंगापूरला आलो. चायनाटाउनमधल्या एका दुकानात आम्ही बारा प्राणी ओळीने मांडलेले असायचो. उंदीर, बैल, वाघ, ससा, असं करत शेवटी डुक्कर. ज्या वर्षी माणूस जन्मला, त्या वर्षाचा प्राणी त्याचा. प्रत्येकाच्या खोक्यात एक कार्ड असे. त्यावर स्वभाव आणि पुढचं भविष्य छापलेलं. माणसं यायची, आपलं कार्ड वाचायची आणि मान डोलवायची. एकदा चुकून कोंबड्याचं कार्ड बोकडाच्या खोक्यात गेलं. बोकडाच्या वर्षातल्या बाईंनी ते वाचलं, "अगदी माझंच लिहिलंय," म्हणाल्या आणि बोकड घेऊन गेल्या. मी फळीवरून सगळं पाहत होतो.

प्रफुल्ल त्या दुकानात आला तो जानेवारीच्या अखेरीस. नागपूरचा माणूस, इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधक. त्याची बायको रुपाली अजून हॉस्पिटलात होती आणि मुलगी जेमतेम दोन दिवसांची. रस्ताभर वाघाचे कंदील लटकत होते, हॉस्पिटलच्या दारातही वाघ, एमआरटीच्या स्टेशनातही वाघ. तेव्हा मुलगी वाघाच्या वर्षातली, हे त्याने धरूनच टाकलं. दिवसभर जो माणूस पुराव्याशिवाय बोलत नाही, त्याने इथे कोणाला एक प्रश्नही विचारला नाही. उलट दुकानदाराने त्याला गोष्ट सांगितली, की बुद्धांनी सगळ्या प्राण्यांना बोलावलं, बारा तेवढे आले, म्हणून एकेकाला एकेक वर्ष मिळालं. प्रफुल्लचा चेहरा खुलला. "म्हणजे हे तर आपलंच," तो म्हणाला. मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

कारण त्यांच्या घरात पत्रिका नव्हती. मुहूर्त नव्हता, गुण जुळवणं नव्हतं. प्रफुल्लच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी, तरुणपणीच ते सगळं घराबाहेर काढलं होतं. वुडलँड्सच्या त्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या खालच्या फळीवर प्रफुल्लने मला बसवलं. फोनच्या पडद्यावर भाऊसाहेबांनी मला पाहिलं आणि चष्मा सारखा केला.

"हा कोण?"

"मेधाचा वाघ, भाऊ. गंमत आहे नुसती."

"गंमतच ना? मग ठीक," भाऊसाहेब म्हणाले. पण त्यांचा आवाज ठीक नव्हता. हा म्हातारा मला पाण्यात पाहणार, हे मी ओळखलं.

पुढची वर्षं मात्र चांगली गेली, ते कबूल करायला हवं. मेधाने मला चाटलं, आंघोळ घातली, वरणभात भरवला. रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी जाताना तिच्या पिशवीत मी असायचोच. पाहुणे आले की म्हणत, "वाघीण आहे हो तुमची." रुपाली कौतुकाने हसायची. पण मला एक गोष्ट खटकू लागली. मेधा हट्टाला पेटली, की घरातलं कोणी ना कोणी म्हणे, "वाघच तो, ऐकतोय कशाला." एकदा ती शाळेत जाताना रडून रडून लाल झाली. वाघ, वाघ म्हणत सगळे निघून गेले. तिचा बूट लहान झाला होता. तो कोणी काढून पाहिला नाही.

या वर्षी घोड्याचं वर्ष लागलं आणि थोड्याच दिवसांत मेधाला भाऊ झाला. प्रफुल्लच्या आई, नंदाआजी, दोन वर्षांपूर्वी वारल्या, म्हणून नागपूरहून भाऊसाहेब एकटेच आले. आल्या आल्या त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मेधाने मला पुन्हा फिरवलं. दिवसभर आमचं हेच चाले.

शेजारच्या दारात सिऊ आंटी राहत. रोज दुपारी त्या रुपालीसाठी आलं घातलेलं सूप आणत. त्या सिंगापुरी इंग्रजीत बोलत, पण मी ते तुम्हाला आपल्या मराठीतच सांगतो, शेवटचा 'ला' तेवढा ठेवून. फळीवर मला पाहून त्यांनी विचारलं, "हा कोणाचा?"

"मेधाचा. टायगर आहे ती," रुपाली म्हणाली.

आंटी थबकल्या. "मग पहिला महिना तिला बाळाजवळ नको, ला. आमच्यात वाघवाल्यांना जाऊ देत नाहीत. महिना झाला की लाल अंडी वाटायची, मग चालतं."

रुपाली आधी हसली. मग म्हणाली, "आपल्याकडेही सव्वा महिना जपतातच की." झालं, विषाची परीक्षा कोण बघणार? तेव्हापासून आतल्या खोलीचं दार लोटलेलं राहू लागलं, आणि मेधा हॉलमध्ये.

महिना सरला. अंडी वाटली गेली. आंटींच्या हिशेबाने प्रकरण तिथेच मिटलं होतं. पण रुपालीला झोप नव्हती, आणि बाळाला पाजता पाजता ती फोनवर वाघाबद्दल वाचत बसायची. हट्टी. रागीट. वाटून घेणं आवडत नाही. धाकट्याशी स्पर्धा. वाचलं, की ती हॉलमध्ये खेळणाऱ्या मेधाकडे बघायची, आणि त्या बघण्यात आता कौतुक नव्हतं. मेधाने बाळाला उचलू का विचारलं तरी संशय. नाही विचारलं तरी संशय. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, तसली गत पोरीची झाली. मी संशयी आहे, मित्रांनो, पण चार वर्षांच्या मुलीवर संशय घेण्याइतका नाही.

एके दिवशी बाळाच्या गालावर ओरखडा दिसला. लाल, बारीक, डोळ्याखालीच. मेधा तेव्हा पाळण्यापाशी उभी होती, मला बगलेत धरून. मी पाहिलं होतं. बाळाने स्वतःच्याच मुठीने गाल ओढला होता, त्याची नखं कागदासारखी पातळ आणि धारदार होती. पण मला कोण विचारतो? माझं तोंड नुसतं रंगवलेलं.

"मेधा, तू केलंस?"

"नो, मम्मा. बेबीनेच."

"बेबी स्वतःला ओरबाडतं का कधी?"

संध्याकाळी प्रफुल्ल आला तेव्हा रुपालीने त्याला गाल दाखवला. म्हणाली, भाऊ नागपूरला परत जातील तेव्हा मेधालाही काही महिने तिकडे पाठवू. तिथे अंगण आहे, मुलं आहेत. प्रफुल्ल जमिनीकडे बघत म्हणाला, "बघू." जो माणूस प्रयोगशाळेत कशालाही 'बघू' म्हणत नाही, तो घरात म्हणाला.

भाऊसाहेब जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी भाकरी बाजूला ठेवली.

"आमच्या थोरल्या ताईला गावात पांढऱ्या पायाची म्हणत," ते म्हणाले. "ती आली त्या दिवशी म्हैस आटली, असलं काहीतरी. लोक लग्नाला बोलवत नव्हते तिला. त्यासाठी मी पत्रिका फेकल्या. तुम्ही विमानात बसून इथवर आलात आणि तेच परत घरात घेतलंत. फक्त इंग्रजीतून."

"भाऊ, तसं नाही हो. बाळाची काळजी वाटते," रुपाली म्हणाली.

"काळजी मलाही वाटते. दोघांची."

मेधा सोफ्यामागे होती आणि मी तिच्या मांडीवर होतो. तिने सगळं ऐकलं, आणि किती समजलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. खरं सांगतो, त्या रात्री मला माझ्या पट्ट्यांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुपालीचा डोळा लागला होता आणि भाऊसाहेब खाली फिरायला गेले होते. मेधाने मला फळीवरून काढलं. स्टूल ओढून दाराची कडी उघडली, आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये चपलांच्या रॅकशेजारी भिंतीला टेकून बसली. मला समोर ठेवताना माझा कान फरशीवर आपटला आणि टवका उडाला. तिने तो फ्रॉकच्या खिशात जपून ठेवला.

सिऊ आंटी सूप घेऊन आल्या. "इथे काय करते आहेस?"

"आय ॲम टायगर, ला," मेधा म्हणाली. "टायगर सिट आउटसाइड. देन बेबी नो स्क्रॅच."

आंटींनी सूपचं भांडं खाली ठेवलं आणि त्या तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. त्यांचे गुडघे वाजले. त्या काही बोलणार, तोच आत बाळ किंचाळलं. उघड्या दारातून मला पाळणा सरळ दिसत होता. रुपाली धडपडत उठली, पाळण्यात वाकली आणि तशीच थांबली. दुसऱ्या गालावर ताजा ओरखडा होता. खोलीत कोणी नव्हतं, आणि बाळाची मूठ अजून गालावरच होती.

बाळाला घेऊन ती दाराशी आली. बाहेर तिने मेधाला पाहिलं, मला पाहिलं, उघडी कडी पाहिली. आंटी मात्र वेगळ्याच विचारात होत्या.

"ही जन्मली कधी?"

"जानेवारीत," रुपाली कशीबशी म्हणाली. "पंचवीस जानेवारी. वाघाच्या वर्षी."

"नववर्षाआधी? त्या वर्षी नववर्ष फेब्रुवारीत होतं, ला. वर्ष तेव्हा बदलतं, जानेवारीत नाही. ही वाघ नाहीच. हिच्या आधीचं बैलाचं वर्ष. ही बैल."

ऐकलंत, मित्रांनो? चार वर्षं मी जिच्या नावाने फळीवर बसलो, ती माझी नव्हतीच. मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. मांजराला वाघ करणाऱ्या जगात बैलाला वाघ करणं काय कठीण?

रुपालीचा चेहरा सैल पडला. "बैल," ती म्हणाली. "म्हणजे शांत ना? कष्टाळू?" सुटल्याचा एक सुस्कारा तिने टाकला. मला तो सुस्कारा मुळीच आवडला नाही.

मेधा उठून उभी राहिली. "देन आय ॲम काऊ? काऊ आत येऊ शकते?"

आंटी बोटं मोजत स्वतःशीच पुटपुटल्या, "पण बैल आणि घोडा, या दोघांचं तेवढं पटत नाही, ला. वाघ-घोडा मात्र एकदम छान जोडी."

मेधाने एक पाय उंबऱ्यात टाकला होता. तो तिने मागे घेतला.

हे रुपालीने पाहिलं. मी चार वर्षं त्या बाईचा चेहरा पाहत आलो, पण तसा कधी पाहिला नव्हता. बाळाला एका हातावर घेऊन ती खाली, चपलांमध्येच बसली. भाऊसाहेब लिफ्टमधून येत होते, ते तिथेच थांबले.

"तू काऊ नाहीस," ती मेधाला म्हणाली. "टायगर पण नाहीस. तू मेधा आहेस. आणि मी तुला विचारलं, तू खरं सांगितलंस, तरी मी ऐकलं नाही. चुकलं माझं. आत ये, बाळा."

"बेबी क्राइंग," मेधा म्हणाली.

"हो. त्याची नखं वाढलीत. तू त्याचा हात धर, मी कापते."

त्या दिवशी बाळाची नखं दाराशीच कापली गेली. मेधाने एकेक बोट धरलं, आणि भाऊसाहेबांनी चष्मा लावून देखरेख केली. आंटी म्हणाल्या, आमच्यात दुपारी नखं कापलेली चालतात, काही हरकत नाही. तेव्हा भाऊसाहेबसुद्धा हसले. नागपूरच्या तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी पाळण्याशेजारच्या कपाटावर बसतो. नेलकटर माझ्या शेपटीच्या वळणात ठेवतात. भाऊसाहेबांनी जाण्याआधी माझा कान डिंकाने चिकटवला आणि मला भिंतीकडे वळवलं नाही. टवका उडाला तिथे पट्ट्यांखालची पांढरी माती थोडी दिसते. मेधा कधी कधी तिथे बोट लावून विचारते, "तू खरंच टायगर आहेस का?" माझं गुपित या घरात फक्त तिलाच कळण्यासारखं आहे.

मित्रांनो, मी अजूनही संशयीच आहे, आणि माझं ऐकाल तर तुम्हीही थोडे व्हा. माझ्यावर संशय घ्या, माझ्या कार्डावर घ्या, दुकानदाराच्या गोष्टीवर घ्या. मातीच्या वाघाला त्याने काही होत नाही. फार तर तो भिंतीकडे तोंड करून बसतो. पण घरातलं पोर रडत असलं, तर ते कोणत्या वर्षाचं आहे ते नंतर बघा. आधी त्याचा बूट काढून बघा.