बाच्या तोंडात उरलेलं अक्षर

अंगावरनं वारं गेलं आन आमच्या बाच्या तोंडात एकच अक्षर उरलं. बा. जल्मभर मेंढरामागं वरडत फिरलेला बिराप्पा, मिरजेच्या दवाखान्यात नुसता बा, बा करत पडलेला. रोज दिवस कलला की सुरू. माज्याकडं बघायचा, पर बघायचा कसला, मागची भिंत बघायचा. मी मंगल, त्याची एकुलती लेक, हे त्याच्या ध्यानात हाय का न्हाई, येवढंच मला कळायला पायजे हुतं.

पहिल्या दिशी मला वाटलं, त्यो त्याच्या बापाला हाक मारतोय. जतकडची नर्सबाई म्हणाली, "आमच्या कानडीत बा म्हंजे ये. तुमाला बोलवत्यात ते." शेजारच्या खाटंवर तासगावचा बेदाण्याचा व्यापारी हुता. त्याची गुजराती बायको म्हणाली, "आमच्यात बा म्हणजे आई." चीनला शिकून आलेला एक शिकाऊ डाक्टर म्हणाला, "तिकडं बा म्हणजे आठ." आठ? डोंबल तुजं, असं मी मनात म्हणले. लय राग आला. हितं माणूस झिजतंय आन ह्यांची शब्दांची जत्रा.

पर दुपारी खाटंला टेकून डोळा लागला की ते अक्षर चालायला लागायचं, आमच्या मेंढरागत. जतच्या माळावनं खाली जायचं, तिथं 'ये' व्हायचं. गुजरातेत आई, चीनच्या कुठल्या रानात आठ. जिथं बसंल तिथलं खायचं. मी मागनं काठी घेऊन, "आरं, माजं कोण हाईस ते सांग की." ते वळून बघायचं न्हाई.

पाचव्या दिशी दिवस कलला, बा सुरू झाला, तवा मी तोंडाकडं न बघता हाताकडं बघितलं. चांगला हात खाटंखाली लोंबत हुता, बोटं पसरून, गुडघ्याच्या उंचीवर. थांबायचा, जरा फुडं ढकलायचा, परत थांबायचा.

त्यो हात मी वळखला. तिन्हीसांजेला मेंढरं रानातनं आली की जाळीत कोंडलेली कोकरं सोडायची. बा कोकरागत 'बा, बा' आवाज काढून एकेका मेंढीला बोलवायचा. कोकराच्या डोक्यावर हात ठिवायचा, तिचंच हाय का ते बघायचा आन प्यायला ढकलून द्यायचा. आई मेलेलं कोकरू आसलं तर त्येला ढकलायचा न्हाई. समदी पिऊन हुस्तवर त्याच्या डोक्यावरचा हात काढायचा न्हाई. मग दुसऱ्या मेंढीला लावायचा.

माजी आय मी दोन वर्साची आसताना गेली.

मी फरशीवर बसले आन डोकं त्या हाताखाली दिलं. वॉर्डातली माणसं बघत हुती, बघू द्यात. बोटांनी केस चाचपलं, कान चाचपला. आता ढकलतोय म्हणून मी डोळं मिटलं.

हात हलला न्हाई. जेवणाची गाडी आली, गेली. दिवं लागलं. हात माज्या डोक्यावरच हुता.